ओकचे चिप्स, क्यूब्स, स्पायरल आणि ते शोभेचं पिंप: घरच्या वाइन-बिअरसाठी घेतलेल्या लाकडाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते मग बाकीचं, कारण अर्धे लोक खालपर्यंत वाचतच नाहीत. घरी वाइन करत असाल आणि ओक, म्हणजे वाइनच्या पिंपांचं लाकूड, घालायचाच असेल तर मीडियम टोस्टचे, म्हणजे मध्यम भाजलेले, क्यूब्स घ्या, फ्रेंच मिळाले तर उत्तम. चिप्स फक्त बिअरसाठी, तेही रोज चाखून बघायची तयारी असेल तर. स्पायरल म्हणजे पैशाचा चुराडा. आणि ते ऑनलाइन दोन-दोन लिटरचं गोंडस लाकडी पिंप दिसतं ना, पितळी नळवालं, ते शोकेसमध्ये ठेवायला छान आहे, बस.

आम्ही बोरिवलीला राहतो, घरात वाइन मी करते आणि बिअर माझा दीर. तो ठाण्याला असतो पण त्याची निम्मी भांडी आमच्याच बाल्कनीत पडलेली असतात. कायद्याचं एकदाच सांगून टाकते म्हणजे खाली कुणी मला शिकवायला नको: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी वाइन-बिअर करणं त्यात बसत नाही, गोराई, वसई, वांद्र्याच्या घरांतून नाताळची वाइन पिढ्यान्‌पिढ्या होतेय हे खरं असलं तरी. त्यामुळे करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि विकायबिकायच्या फंदात तर अजिबात पडू नका. हा रिव्ह्यू लाकडाचा आहे.

मुळात लाकूड घालायचं कशाला? तर काय आहे, आपल्याकडे घरी जी वाइन होते ती खायच्या द्राक्षांची होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकचा माल स्वस्त झाला की थॉम्पसन नाहीतर काळी शरद सीडलेस आणायची आणि चुरडायची. ही द्राक्षं खायला गोड, बी नाही, साल पातळ. आणि वाइनला जो तुरटपणा, जो दम येतो तो सालातून आणि बीमधून येतो, मग बी नाहीच म्हटल्यावर येणार कुठून! साखर सगळी यीस्टने खाल्ली की मागे जे उरतं ते आंबट, पातळ आणि जरा पाणचट. ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती) आणि गोवन घरांत यावर उपाय म्हणून साखर मागे ठेवतात, जाळलेली साखर घालतात, लवंग-दालचिनी घालतात, आणि ते मस्त लागतं, मी नाव ठेवत नाहीये. पण कोरडी वाइन हवी असेल, जेवणाबरोबर प्यायची, तर तुरटपणा बाहेरून आणावा लागतो आणि ओकमध्ये तो भरपूर आहे. वरून व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या बदामाचा वास हा बोनस. मोठ्या वाइनऱ्यांत हे काम २२५ लिटरची बॅरल करते, नाशिकच्या टूरवर बॅरल रूममध्ये उभं राहून सगळे फोटो काढतात तीच. आपण बरणीत वाइन मुरवतो, म्हणून लाकूडच बरणीत टाकायचं, इतकं साधं गणित आहे. युरोपवाल्यांना हे फार दिवस कमीपणाचं वाटायचं, वाइनमध्ये ओकचे तुकडे घालायला युरोपियन युनियनने रीतसर परवानगी दिली ती २००६ साली, अमेरिका-ऑस्ट्रेलियात त्याच्या आधीपासून सर्रास चाललेलं होतं. तेव्हा बरणीत लाकूड टाकताना लाजायचं काही कारण नाही.

हं, एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या. बॅरलच्या फळ्यांतून अगदी थोडी थोडी हवा आत झिरपत असते आणि त्याने वाइन हळूहळू मऊ होते, रंगही टिकतो. काचेच्या बरणीत तुकडे टाकले तर चव येते, वास येतो, तुरटपणा येतो, पण हे हवेचं काम होत नाही. पाकिटावर 'बॅरल एज्ड' असं काहीही छापलेलं असो.

आता चिप्स. अमेरिकन ओक, मीडियम टोस्ट, १०० ग्रॅमची पुडी, घरच्या ब्रुइंगचं सामान विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून मागवली. पुडी फोडली की पहिला वास एकदम खूश करून टाकतो, व्हॅनिला आणि त्यामागे खोबरं, नवरा म्हणाला बेकरी उघडलीस का. पण पुडी ताटात ओतली तर तळाशी चांगला मूठभर भुसा निघाला, आणि हा भुसा त्रासाचा आहे, तो वाइनमध्ये निवळत नाही, पुढच्या प्रत्येक गाळणीत येत राहतो, शिवाय चव सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडवट तोच सोडतो. तेव्हा चिप्स घेतलेत तर आधी पुरण गाळायच्या चाळणीतून चाळा आणि खालचं फेकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळू नका. चिप्स टाकल्या टाकल्या वर तरंगतात, दोनेक दिवसांत भिजून खाली बसतात, आणि आठवड्याभरात त्यांच्यात जे काही होतं ते जवळपास सगळं वाइनमध्ये उतरलेलं असतं. पातळ तुकडे, चारी बाजूंनी भाजलेले, सगळीकडून एकदम सुटतात. चिप्स म्हणजे वाटून घातलेला मसाला आणि क्यूब्स म्हणजे खडा मसाला, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. चव येते पण एकसुरी येते, पहिल्या घोटाला व्हॅनिला, दुसऱ्या घोटाला व्हॅनिला, मग नुसतं लाकूड.

अमेरिकन ओकबद्दल अजून एक. त्यात लॅक्टोन नावाची द्रव्यं फ्रेंच ओकपेक्षा बरीच जास्त असतात, खोबऱ्याचा वास त्यांचा. आणि हलक्या टोस्टमध्ये, जास्त प्रमाणात, हाच अमेरिकन ओक शेपूच्या वासाकडे जातो. हो, शेपू! परदेशातले चाखणारे हे कौतुकाने लिहितात, पण आपल्याकडे शेपूची भाजी बघून ताटावरून उठणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांना ही वाइन देऊन बघा काय म्हणतात. मी थॉम्पसनच्या पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीत मुद्दाम जास्त घालून पाहिलं होतं, वास घेतल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, 'ही भाजीच्या पिशवीत ठेवली होतीस का गं?' मीडियम टोस्टच्या वर गेलं की हा प्रकार कमी होतो, कारण भाजताना लॅक्टोन उडून जातात आणि कॅरमेल, बदाम, मग धुराच्या अंगाचे वास वर येतात.

टोस्टचं थोडं सविस्तर सांगते कारण पाकिटावर नुसतं लाइट, मीडियम, हेवी लिहिलेलं असतं आणि लोक आवडत्या चहासारखं कडक म्हणून हेवी उचलतात. लाकडात जे लिग्निन असतं ते तापलं की फुटून त्यातून व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाचाच वास. हेमिसेल्युलोज म्हणजे लाकडातली साखरच समजा, ती भाजली की कॅरमेलचा, भाजलेल्या बदामाचा वास. लवंगेचा जो वास येतो तो युजेनॉलचा, आपल्या डब्यातल्या लवंगेत असतं तेच. अजून भाजत गेलं की ग्वायाकॉल वगैरे, तो धूर. आणि टोस्ट वाढत जातो तसा कच्चा तुरटपणा कमी होत जातो. म्हणजे ज्या खायच्या द्राक्षांच्या वाइनला तुरटपणाच हवाय तिला हेवी टोस्ट घालून उपयोग काय? धूर मिळेल, दम नाही मिळणार. मीडियम किंवा फार तर मीडियम प्लस. हेवी ठेवा स्टाउटसाठी, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरसाठी.

क्यूब्सवर मात्र माझा जीव जडलाय. फ्रेंच ओक, मीडियम प्लस, साधारण सेंटिमीटरभराचे चौकोनी तुकडे, हातात घेतले की कळतं की हे उरलंसुरलं नाही, फळीच कापून केलेलं आहे. चांगल्या क्यूबची ओळख सांगते, दोन बाजू गडद चॉकलेटी असतात आणि बाकीच्या फिकट, कारण फळी आधी भाजतात आणि मग कापतात, म्हणजे एकाच तुकड्यात जास्त भाजलेलं, मध्यम भाजलेलं आणि जवळजवळ कच्चं असे थर मिळतात, बॅरलच्या फळीत असतात तसेच. नखाने खरवडलं तर भुसा पडत नाही. कातळासारखे टणक. वास पुडी फोडल्यावर चिप्सइतका अंगावर येत नाही, आणि म्हणून लोकांना वाटतं माल जुना आहे, तसं नाहीये. वाइनमध्ये ते सावकाश सुटतात. पहिले दोन-तीन आठवडे चव घेतलीत तर प्लायवूड चाटल्यासारखं वाटेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल, पण बरणी बंद करून ठेवा. त्यानंतर ती कच्ची लाकडाची चव विरघळत जाते आणि मागून लवंग, बदाम, आणि जिभेच्या कडांना धरणारा तो तुरटपणा येतो. शरद सीडलेसची जी वाइन नुसती आंबट सरबत वाटत होती तिला पाठीचा कणा आला, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

प्रमाण: वाइनला लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम क्यूब्स, म्हणजे ५ लिटरच्या बरणीत १५ ते २० ग्रॅम. चिप्स असतील तर २ ग्रॅमपासून सुरू करा. जांभळाच्या वाइनला याच्या निम्मं, कारण जांभूळ मुळात तुरट, त्यात ओकचा तुरटपणा घातला की जीभ टाळूला चिकटते. बंगलोर ब्लू द्राक्षांच्या वाइनला अमेरिकन ओक घालू नका, त्या द्राक्षाचा स्वतःचा वास इतका दांडगा असतो की त्यात व्हॅनिला-खोबरं मिसळलं की बबलगम होतं, फ्रेंच चालून जातं. अननसाच्या वाइनला ओक घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

घालायची पद्धत माझी अशी, मंगलदास मार्केटमधून आणलेली कोरी मलमल, उकळून घेतलेली, त्यात क्यूब्सची पुरचुंडी बांधायची, आत स्टीलचा छोटा चमचा वजनाला, आणि दोरा बरणीच्या तोंडाबाहेर ठेवायचा म्हणजे हवं तेव्हा ओढून काढता येते. क्यूब्सवर उकळतं पाणी ओतायचं, मिनिटभराने ते फेकायचं, झालं. लाकूड पाण्यात तासभर उकळत बसू नका, चवच पाण्यात जाते. वाइन साक्यावरून काढून दुसऱ्या बरणीत घेताना १० लिटरला साधारण १ ग्रॅम केएमएस घालते, आपण लिंबाच्या-कोकमच्या स्क्वॅशमध्ये घालतो तेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ते असलं की लाकडाबरोबर काही भलतंसलतं आत गेलं तरी पसरत नाही. दम्याचा त्रास असलेलं कुणी पिणार असेल तर मात्र सांगून ठेवा, सल्फाइटचा काहींना त्रास होतो. हायड्रोमीटर, एअरलॉक, मोजपात्रं हे सगळं प्रिन्सेस स्ट्रीटच्या लॅबच्या सामानवाल्यांकडे बघा आधी, ऑनलाइन कशाला दुप्पट मोजायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. पाकिटावरचा वेळ आपल्यासाठी नाही! क्यूब्स दोन ते तीन महिने ठेवा असं छापतात ते १५-१८ डिग्रीच्या तळघरासाठी. आपल्याकडे तळघर म्हणजे पार्किंग. स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटात एप्रिल-मेमध्ये ३२ डिग्री सहज असतं आणि रात्रीही फारसं उतरत नाही, त्या उष्णतेत लाकूड भराभर सुटतं आणि वाइनही भराभर म्हातारी होते. सिंगल माल्टचंच बघा ना, स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडून जाते, बंगलोर-गोव्याकडे १० टक्क्यांच्या घरात, म्हणून तर आपल्याकडची व्हिस्की थोड्या वर्षांत तयार होते. तेच तत्त्व. तेव्हा कॅलेंडर बघू नका, दर आठवड्याला स्वच्छ चमच्याने थोडी काढून चाखा, आणि हवी त्यापेक्षा किंचित जास्त ओकची वाटली की पुरचुंडी ओढून काढा, कारण बाटलीत ती चव थोडी मागे जाते. माझ्याकडे उन्हाळ्यात क्यूब्स पाकिटावरच्या वेळेच्या जवळजवळ निम्म्यात उतरतात. डिसेंबर-जानेवारीत जरा जास्त वेळ देते.

स्पायरलबद्दल फार लिहीत नाही. ओकच्या दांड्याला मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात, लाकडाचा आडवा छेद जास्त उघडा पडतो, त्यामुळे सहा आठवड्यांत सगळी चव सुटते असा त्यांचा दावा. सुटतेही. दिसतो सुंदर. पण तो बनवलाय परदेशातल्या कारबॉयच्या, म्हणजे काचेच्या मोठ्या बाटल्याच्या मापाने, आपण ५ लिटरची बरणी वापरतो, मग तो मोडून घालायचा. आणि एवढा मोठा तुकडा मोडायचा असेल तर क्यूब्स काय वाईट होते? किंमत क्यूब्सच्या तिपटीच्या वर, त्यात आयातीचं कुरिअर वेगळं. दिराने हौसेने मागवला, अर्धा वापरला, अर्धा अजून आमच्या पोळपाट-लाटण्याच्या खणात आहे आणि कामवाली मावशी मला दोनदा विचारून गेली हे कशाचं लाटणं म्हणून.

पिंप. नवऱ्याला ऑफिसातून भेट मिळालं, २ लिटरचं, आत जाळलेलं, लोखंडी पट्ट्या, पितळी नळ. आता हिशोब बघा, २२५ लिटरच्या बॅरलच्या तुलनेत २ लिटरच्या पिंपात लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जवळजवळ पाचपट येतो. म्हणजे जे मोठ्या बॅरलमध्ये वर्षभर सावकाश होतं ते इथे काही आठवड्यांत उरकतं, आणि तिथून पुढे प्रत्येक दिवस वाइन बिघडवत नेतो. शिवाय ही छोटी पिंपं बहुतेक व्हिस्की आणि कॉकटेल मुरवायला केलेली असतात, आतून टोस्ट नाही तर काळी जाळलेली, वाइनला तो कोळसा नको असतो. नवं पिंप आधी पाण्याने भरून ठेवायचं, लाकूड फुगलं की फटी बंद होतात, हे ठीक, पण आमच्या पिंपाने ओट्यावर अशी काही धार लावली की खालच्या खणातली कणीक भिजली, आणि फटी बंद झाल्यावर नळ गळायला लागला. रिकामं ठेवलं की पुन्हा सुकून फटी उघडतात, ओलं ठेवलं की पावसाळ्यात बुरशी. बनवणाऱ्याला मेल केला तर त्यांनी बाहेरून मेण लावा असं उत्तर पाठवलं आणि विषय संपवला. आता त्यावर मनी प्लांट आहे.

अजून एक धोक्याची सूचना, लाकूड कुठलंही चालत नाही. बार्बेक्यूसाठी ओक चिप्स विकतात ते स्वस्त दिसतात पण ते धुरासाठी असतात, टोस्ट केलेले नसतात, आणि लाकूड नीट मुरलेलं असेल याची काही खात्री नाही. बॅरलचं चांगलं ओक फळ्या करून उघड्यावर दोन-तीन वर्षं ऊन-पाऊस खात ठेवतात, त्यात कडवट द्रव्यं धुऊन जातात, मग आगीवर भाजतात, म्हणून ते महाग असतं. एकाने सुचवलं ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये जुन्या विलायती ओकच्या कपाटाचे तुकडे मिळतात म्हणून. अहो, त्यावर पॉलिश, सरस, वाळवीचं औषध, कोणत्या जन्मीचं काय काय असेल, ते पोटात घालणार? आणि सिल्व्हर ओकचे तुकडे घेऊन एक जण आला होता, चहाच्या मळ्यात सावलीला लावतात ते झाड. मराठी माणसाला सिल्व्हर ओक म्हटलं की पवारसाहेबांचा बंगला आठवतो आणि तेवढंच आठवलेलं बरं, कारण ते झाड ऑस्ट्रेलियाचं, ग्रेव्हिलिया जातीचं, ओकशी त्याचं काही नातं नाही. खरा ओक आपल्या सह्याद्रीत मिळत नाही, हिमालयात बांज म्हणून असतो, पण बॅरलची लाकडं अमेरिकेतला पांढरा ओक नाहीतर फ्रान्स-हंगेरीकडच्या दोन जाती, झालं.

बिअरचा भाग दिराकडून ऐकून आणि त्याची बिअर पिऊन लिहिते. त्याच्या मते चिप्स बिअरलाच बरे कारण बिअर महिनोन्‌महिने मुरवायची नसते, लवकर चव हवी असते. लिटरमागे १ ते २ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. तो स्टाउटसाठी अमेरिकन चिप्स छोट्या काचेच्या बाटलीत ओल्ड मंकमध्ये बुडवून ठेवतो, बुडतील एवढीच रम, दोनेक दिवस, आणि मग रमसकट स्टाउटमध्ये ओततो. जंतूंचाही प्रश्न मिटतो आणि ओल्ड मंकचा स्वतःचा व्हॅनिला आहेच. शिकागोचे लोक बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, रिकाम्या पिंपात स्टाउट मुरवतात ते नव्वदच्या दशकापासून गाजतंय, त्याची ही आमची गरिबाची आवृत्ती, आणि खरं सांगू, फर्स्टक्लास लागते. टाकताना मात्र सावकाश, कारण बिअरमध्ये गॅस विरघळलेला असतो आणि कोरडे चिप्स पडले की त्यांच्या प्रत्येक भोकातून बुडबुडे उठतात, फेस बाटलीच्या तोंडातून थेट बाल्कनीच्या लादीवर. भिजवलेले चिप्स कमी फसफसतात. आणि फ्रिजमध्ये ४ डिग्रीला ओक घालून ठेवलात तर लाकूड फारच हळू सुटतं, आधी २० डिग्रीच्या आसपास काम उरकून घ्या, मग थंड करा. पहिल्या बॅचला मला म्हणाला होता, 'वहिनी, चाखा, आईस्क्रीम झालंय.' व्हॅनिला एवढा चढला होता. पण महिनाभर तशीच पडू दिली तर बसली जागेवर.

आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट बिअरला, मात्र ओक घालू नका. लोक म्हणतात आयपीए लाकडी पिंपातून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची म्हणजे त्यात लाकडाची चव असणारच. नाही हो. त्या काळचे इंग्लिश ब्रुअर लाकडाची चव बिअरला लागू नये म्हणून धडपडायचे, बाल्टिककडचा कमी चवीचा ओक शोधून आणायचे, पिंपं उकळत्या पाण्याने धुऊन काढायचे. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा आणि ओकचा तुरटपणा एकत्र आला की घसा खरवडून निघतो. गव्हाच्या बिअरबद्दल तर बोलायलाच नको.

मत एकट्या माझं नको म्हणून गोराईच्या एका ईस्ट इंडियन आंटीकडे एकाच वाइनच्या दोन बाटल्या नेल्या, एक चिप्सची, एक क्यूब्सची, कुठली कुठली ते न सांगता. आंटी दर नाताळला मनुकांची वाइन करतात, त्यांच्या वाइनपुढे माझी काय कथा. चिप्सवालीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, 'काय गो, वाइन आहे का पाट धुतलेलं पाणी?' क्यूब्सवालीला काही बोलल्याच नाहीत, ग्लास परत पुढे केला. मग म्हणाल्या हीत जाळलेली साखर किती घातलीस. साखर नव्हतीच. त्या काही स्वतःच्या वाइनमध्ये लाकूड घालणार नाहीत, तसं स्पष्ट सांगितलं त्यांनी, आणि त्यांच्या गोड वाइनला गरजही नाही.

विकणाऱ्यांबद्दल. दोन वेगवेगळ्या ऑनलाइन दुकानांतून घेतलं, नावं लिहीत नाही कारण स्टॉक कुणाकडे कधी काय असेल याचा भरवसा नाही. पहिल्याने चिप्सच्या पुडीवर नुसतं 'ओक वूड, मीडियम' छापलेलं, देश नाही, पॅकिंगची तारीख नाही, विचारलं तर चॅटवर 'प्रीमियम क्वालिटी मॅम' एवढंच तीन-तीनदा. फोटो पाठवून भुशाची तक्रार केली तर उघडलेलं पाकीट परत घेत नाही म्हणे, न उघडता भुसा कसा दिसणार हे त्यालाच ठाऊक. दुसऱ्याने क्यूब्स पाठवले ते व्यवस्थित सीलबंद पाकिटात, वर फ्रेंच, टोस्ट, वजन सगळं लिहिलेलं, आत वापरायची चिठ्ठीसुद्धा. थोडा महाग पडला, पण माल मोजून बरोबर. पावसाळ्यात मागवणार असाल तर जपून, लाकूड दमट हवा आणि आजूबाजूचे वास दोन्ही ओढून घेतं, आल्या आल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि मसाल्याच्या खणापासून लांब ठेवा, नाहीतर फ्रेंच ओकला गोडा मसाला लागेल.

वापरलेले क्यूब्स फेकू नका. दुसऱ्यांदा चव निम्म्याहून कमी येते, पण पांढऱ्या वाइनला तेवढीच हवी असते, थॉम्पसनला मी नेहमी सेकंडहँडच घालते, नव्या क्यूब्सने तिचा सगळा फळाचा वास झाकून जातो. तिसऱ्यांदा काही उरत नाही, मग ते कडक उन्हात वाळवून दीर शेगडीत कोळशावर टाकतो, सुरमई भाजताना.

मार्क द्यायचेच तर पाचपैकी: क्यूब्सला साडेचार, अर्धा किमतीचा कापला. चिप्सला बिअरसाठी साडेतीन, वाइनसाठी दोन. स्पायरलला दीड. पिंपाला मनी प्लांटसाठी पाच. हंगेरियन ओकचे मीडियम क्यूब्स मला अजून इथे मिळालेले नाहीत, ते अमेरिकन आणि फ्रेंचच्या मधले असतात, जांभळाला बहुतेक तेच शोभतील. कुणाला मुंबईत मिळत असतील तर कमेंटमध्ये टाका प्लीज, जूनला जांभळं येतील त्याच्या आत हवेत.